विलीज जीपचं खालचं काम : क्लचपासून चाकापर्यंत

दुसऱ्या महायुद्धातली पाव टनी जीप म्हणजे विलीजची एमबी किंवा तिचं जुळं भावंड, फोर्डची जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात या दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त निघाल्या. गाडी उघडायला इतकी सोपी की गेल्या ऐंशी वर्षांत प्रत्येक हातातली गाडी कुणी ना कुणी उघडलेली असतेच. त्यामुळे झिजेपेक्षा आधीच्या माणसाने काय बसवलं, काय विसरलं आणि कुठली शिम (माप जुळवायला घालतात ती पातळ चकती) फेकून दिली हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो. हे लेखन त्या कामासाठी आहे: टी-८४ गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, गॅरेजच्या भाषेत हाय-लो), दोन प्रोपेलर शाफ्ट, पुढचं स्पायसर २५ आणि मागचं स्पायसर २३ हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलसकट ॲक्सल.

मापं सगळी इंचात आहेत. बोल्टांचे आटे इंची, डोकी इंची. मिलिमीटरचा पाना 'बसतो' म्हणून लावला की डोकं गोल झालंच. खाली 'थाऊ' म्हटलं आहे तो इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५ मिमी. 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे जुन्या मिस्त्रींना सांगायला नको.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे३बी कित्येक वर्षं इथेच बनली. त्यामुळे लष्कराच्या लिलावातून आलेल्या एमबीला सीजे३बीचे भाग लावणं ही इथली सर्रास चाल. बरेच भाग खरोखर बसतात. घात होतो तो दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातचाकाची जोडी. एमबीत ३९ दात क्राऊनला आणि ८ पिनियनला, म्हणजे ४.८८. सीजे३बीत ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. मागचं हाउसिंग एका गाडीचं आणि पुढचं दुसऱ्या गाडीचं असेल, तर फोर-बाय-फोर लावताक्षणी दोन प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी भांडायला लागतात. फरक दहा टक्क्यांचा आहे. चिखलात टायर घसरून तो जिरवतात. डांबरावर तो ट्रान्स्फर केसच्या दातांत आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसमध्ये साठत जातो. पुढचा गिअर (पुढच्या चाकांना जोडणारा, फोर-बाय-फोरचा) काढायला गेलं तर लिव्हर हलत नाही, आणि सगळे समजतात की लिव्हरच खराब आहे.

न उघडता तपासायची रीत अशी. गाडी सपाट जमिनीवर, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक सोडलेला (एमबीचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवर आहे, तो लागलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही), हाय-लो न्यूट्रलला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढा. उचललेलं चाक २० फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८, पावणेचोपन्न आले तर ५.३८. एक चाक अडकलेलं असल्यामुळे डिफरन्शियल निम्माच फिरतो, म्हणून २० फेऱ्यांना १० फेऱ्यांचा हिशोब. पुढच्या ॲक्सलला पुढचा गिअर सोडून हेच करा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा.

दुसरं ठिकाण ट्रान्स्फर केसचा इंटरमीडिएट शाफ्ट. युद्धकाळातल्या केसमध्ये तो सहा सुती, म्हणजे पाऊण इंच. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये नऊ सुती झाला, आणखी पुढे दहा सुती. प्रत्येकाची केस, गिअर, निडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर वेगळे. 'जीपचा ओव्हरहॉल किट' म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा मोठ्या शाफ्टचं असतं. व्हर्नियर घेऊन जा आणि जुना शाफ्ट खिशात ठेवा.

फोर्डच्या गाडीत बोल्टाच्या डोक्यावर आणि कित्येक भागांवर वळणदार 'एफ' हे इंग्रजी अक्षर दिसेल. ते बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा. चालायला साध्या बोल्टानेही गाडी चालते, पण मूळ जीपीडब्ल्यूचं मोल या अक्षरावर ठरतं.

हत्यारं

इंची पान्यांचा आणि गोट्यांचा संच, हब नटासाठी २ १/१६ इंचाची गोटी (छिन्नी-हातोड्याने फिरवलेलं नट पुढच्याला कधीच नीट घट्ट करता येत नाही), चुंबकी पायावरचा डायल गेज, फीलर गेज, मायक्रोमीटर, पितळेची ड्रिफ्ट, दोन-तीन मापांचे पुलर, भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा, टॉर्क पाना. लेथवाला ओळखीचा हवा, कारण डमी शाफ्ट आणि सील बसवायच्या कड्या त्याच्याकडूनच कातून घ्याव्या लागतात. अमेरिकन लष्कराच्या टीएम ९-१८०३बी या १९४४ च्या मॅन्युअलमध्ये हे सगळे भाग आहेत. त्याची छापील प्रत गॅरेजमध्ये ठेवा; तेलकट बोटांनी मोबाइल चाळणं जमत नाही.

दोन इशारे. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. जोर लावण्याआधी हे आठवा. आणि कॉम्बॅट रिम दोन तुकड्यांचा असतो, बोल्टांनी जोडलेला. चाकाचे नट वेगळे आणि रिमचे बोल्ट वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमच्या बोल्टाला पाना लावला तर रिमचा तुकडा तोंडावर येतो. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडल्याखेरीज हात लावू नका.

उतरवणं

सगळीकडचं तेल आधी काढा आणि प्रत्येक ठिकाणचं तेल वेगळ्या पांढऱ्या डब्यात बघा. ट्रान्स्फर केसच्या तेलात सोनेरी भुकटी म्हणजे थ्रस्ट वॉशर झिजतोय. गिअरबॉक्सच्या तेलात तीच भुकटी सिंक्रो रिंगची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी कडीची. चमकणारे टोकदार तुकडे दातांचे. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. कोकणात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर हे ठरलेलंच.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकत्रच खाली घ्यावेत. फ्लोअरवरचं झाकण, गिअर लिव्हर, हाय-लोच्या दोन्ही लिव्हर, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, खालची स्किड प्लेट हे सगळं सुटलं की इंजिनाच्या तेलपात्राखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या. मग मधला क्रॉसमेंबर आणि बेल हाउसिंगचे बोल्ट. संपूर्ण वजन एका माणसाच्या हाताबाहेरचं आहे. जॅकवर फळी आणि पलीकडून दुसरा माणूस हवाच.

इथली नेहमीची चूक म्हणजे बोल्ट सुटले की गिअरबॉक्स मागच्या बाजूने झुकू देणं. मग सगळं वजन इनपुट शाफ्टच्या टोकावरून क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येतं. प्लेट जराशी वाकते. गाडी परत जोडल्यावर क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर कर्रकर्र करत पडतो आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. युनिट सरळ रेषेत मागे आलं पाहिजे, शाफ्ट प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत.

ट्रान्स्फर केस

खालच्या कामातलं सगळ्यात फळ देणारं काम हेच. जीपचा 'ऊं ऊं' असा आवाज बहुतेक इथूनच येतो, आणि तो डोक्यात बसला की माणूस विनाकारण हाउसिंग उघडत बसतो.

मागचं गोल झाकण काढा. आत गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या टोकावर खाचांचं नट आणि स्प्लिट पिन दिसेल. पिन काढून नट सोडा. आता गिअरबॉक्स आणि केस यांच्यातले बोल्ट काढून दोन्ही वेगळे करायचे, पण ओढताना मेनशाफ्ट गिअरबॉक्समधून मागे सरकतो आणि आत सिंक्रोची जुळणी सुटते. त्यासाठी गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढा, दुसऱ्या गिअरच्या मागे मेनशाफ्टला बांधणीची तार गुंडाळा, तिची दोन टोकं झाकणाच्या पुढच्या बोल्टांना पिळून घट्ट करा. मग शाफ्टच्या टोकावर पितळेने हलके ठोके दिले की गिअर आणि बेअरिंग सुटून केस मागे येते. कंजुषी करायचीच असेल तर दुसरीकडे करा, तारेत नको.

खालची पत्र्याची पेटी काढा. इंटरमीडिएट शाफ्ट मागच्या बाजूला एका छोट्या लॉक प्लेटने अडवलेला आहे. प्लेट काढून शाफ्ट पितळेच्या ड्रिफ्टने पुढून मागे ठोका. शाफ्टच्या मागोमाग त्याच जाडीचा, गिअरच्या लांबीएवढा डमी शाफ्ट आत जाऊ दिला तर निडल जागच्या जागी राहतात. तो नसेल तर त्या पेटीत गळतात आणि मोजायला बसावं लागतं. गिअरबरोबर दोन थ्रस्ट वॉशर खाली येतील. कुठला पुढचा आणि कुठला मागचा, हे लगेच खूण करून ठेवा.

शाफ्ट रॉकेलने धुऊन उजेडात धरा. निडल जिथे फिरतात तिथे नखाला अडकेल अशी लहर असेल तर तो भंगार. नव्या निडल जुन्या शाफ्टवर कधीच बसवू नका, हजार किलोमीटरच्या आत परत आवाज. केसमधलं भोकही तपासा: शाफ्ट भोकात ठोकूनच जायला हवा. हाताने गेला तर शाफ्टच्या टोकातून तेल झिरपत राहणार आणि भोक आणखी मोठं होणार. तिथे लेथवाल्याकडून बुश घालून घेणं हा खरा उपाय. गॅस्केट पेस्ट एक पावसाळा काढते, एवढंच.

पुढचा योक (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा कानांचा तुकडा) आणि ट्रान्स्फर केसचं पुढचं कवच काढताना शिफ्ट रॉडवरच्या छोट्या गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात. कवचावर फडकं टाकूनच रॉड ओढा. दोन रॉडच्या मध्ये गोळीसारखा एक इंटरलॉक आहे. मागची दोन चाकंच ओढत असताना लो गिअर पडू नये म्हणून तो ठेवलाय. तो हरवलेल्या गाड्या भरपूर दिसतात, आणि अशा गाडीत लो गिअरचा सगळा टॉर्क एकट्या मागच्या हाउसिंगवर जातो. मागचे ॲक्सल शाफ्ट मग पिळतात.

आउटपुट शाफ्ट दोन टेपर बेअरिंगवर फिरतो. मागची टोपी, जिच्यात स्पीडोमीटरचे गिअर आहेत, तिच्याखालच्या शिम या शाफ्टचा प्ले (मोकळी हालचाल) ठरवतात. प्ले ४ ते ८ थाऊ हवा. मोजायची पद्धत: सगळं जोडून, टोपीचे बोल्ट नीट कसून, शाफ्टच्या टोकावर डायल गेज लावा आणि शाफ्ट पुढे-मागे ढकला. मोजण्याआधी दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या वाट्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसल्यात ना, ते बघा. नाहीतर पहिल्या शंभर किलोमीटरात त्या बसतील आणि ८ चे १५ थाऊ होतील. प्ले कमी असेल तर शिम घाला, जास्त असेल तर काढा. शून्य प्ले ठेवला तर तेल तापल्यावर बेअरिंग निळी पडतात. प्ले जास्त असेल तर शाफ्ट पुढे-मागे होऊन पुढचा गिअर आपोआप सुटतो, आणि मागच्या सीलचं तोंडही लवकर फाटतं.

योक जिथे सीलमध्ये फिरतो तिथे चर पडलेला असतो. नवी सील त्या चरावर बसली की दुसऱ्याच दिवशी जमिनीवर थेंब. एकतर योक बदला, नाहीतर त्यावर पातळ पोलादी बांगडी चढवून घ्या, किंवा सील तिच्या घरात अर्धा सूत आत-बाहेर बसवा म्हणजे तिचं तोंड नव्या जागी घासेल. हा तिसरा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक वेळा चालतो.

जोडताना थ्रस्ट वॉशर घट्ट ग्रीसने केसला चिकटवा, त्यांची जीभ खाचेत बसली पाहिजे. गिअर उचलून धरा, शाफ्ट मागून आत ठोका, त्याने डमी पुढे निघून जाईल. लॉक प्लेटची खाच आधीच जुळवून घ्या, कारण शाफ्ट पूर्ण आत गेल्यावर तो फिरवणं महाकठीण. मेनशाफ्टचं नट कसून स्प्लिट पिन घालायला विसरू नका. पिनेची खाच जुळेना म्हणून नट मागे फिरवू नये, पुढेच न्यावं. नट सैल राहिलं की गिअर स्प्लाइनवर डुलतो आणि मेनशाफ्टचं मागचं बेअरिंग संपतं.

गिअरबॉक्स

टी-८४ हा या गाडीचा नाजूक भाग. युद्धानंतरच्या जीपमध्ये त्याच्या जागी टी-९० आला तो उगीच नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे.

दुसरा गिअर सुटतो ही सर्वांत मोठी तक्रार. तिची कारणं स्वस्त ते महाग या क्रमाने तपासा: शिफ्ट रॉडची अडवणारी स्प्रिंग बसलेली आणि तिची गोळी झिजलेली, फोर्कची टोकं पातळ झालेली, सिंक्रोच्या बाहीचे आणि गिअरचे छोटे दात गोल झालेले, मेनशाफ्टच्या पुढच्या टोकाचे रोलर ढिले, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सच्या तोंडांमध्ये रंगाचा किंवा गंजाचा पापुद्रा राहिल्यामुळे शाफ्ट तिरका. शेवटचं कारण कुणी बघत नाही आणि तेच फुकट दुरुस्त होतं. रंगवलेल्या दोन तोंडांमध्ये बोल्ट कसू नका.

पितळी सिंक्रो रिंग तपासायला गिअरच्या कोनावर ती बोटांनी दाबून फिरवा. पकडली पाहिजे. घसरली, किंवा रिंगचे दात गिअरला टेकले, तर नवी घ्या. काउंटरशाफ्ट आणि त्यावरचं बुशिंग, दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर आणि रिव्हर्सचा आयडलर हे टी-८४ मध्ये झिजलेलेच निघतात. त्यांच्यावर पैसे वाचवले तर पहिल्या गिअरमध्ये ओरडणं चालूच राहतं. दोन शिफ्ट रॉडमधला इंटरलॉक इथेही आहे. तो राहिला तर एकाच वेळी दोन गिअर पडून बॉक्स जाम होतो.

धुतलेलं बेअरिंग वाऱ्याच्या झोताने फिरवू नका, आणि पावसाळ्यात धुतल्याबरोबर तेलात बुडवा. रॉकेलने स्वच्छ केलेलं बेअरिंग रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस दिसतं, आणि तो तांबूसपणा पुसून जात नाही.

क्लच उघडा पडलाच आहे तर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बुश बदलून टाका. पेडलला पाऊण इंच मोकळी चाल ठेवा.

प्रोपेलर शाफ्ट

क्रॉस नवे घालताना कपातल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. एक आडवी पडली की कप पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिपची खाच दिसत नाही. अशा वेळी हातोडा मारू नका, कप काढून बघा. सरकत्या जोडावर दोन बाण कोरलेले असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. एक दात जरी चुकला तरी दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. बाण गंजाखाली गेले असतील तर डोळ्यांनी जुळवा: दोन्ही टोकांच्या योकचे कान एकाच रेषेत.

मागचं हाउसिंग

स्पायसर २३ फुल फ्लोटिंग आहे, म्हणजे गाडीचं वजन ॲक्सल शाफ्टवर नाही. सहा बोल्ट काढले की शाफ्ट चाक न काढता ओढता येतो. डिफरन्शियल बाहेर घेण्याआधी बेअरिंगच्या टोप्यांवरच्या खुणा बघा. डावी टोपी उजवीकडे बसवली तर बेअरिंग चिमटतं.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच येतात, जोडीनेच बदलायचे. पिनियनच्या तोंडावर कोरलेला आकडा असतो: शून्य, अधिक किंवा उणे. तो थाऊमध्ये आहे. जुन्यावर +२ आणि नव्यावर -१ असेल तर पिनियनच्या आतल्या बेअरिंगच्या वाटीमागे ३ थाऊची शिम वाढवायची. जुन्यावर शून्य आणि नव्यावर +२ असेल तर २ थाऊ काढायची. जुन्या शिम फेकल्या नसतील तर एवढ्या हिशोबाने तुम्ही जवळपास बरोबर जागी पोचता. फेकल्या असतील तर चार-पाच वेळा जोडून-उघडून बघण्याला पर्याय नाही.

पिनियनच्या बेअरिंगवर थोडा ताण हवा. सील न घालता योकचं नट पूर्ण कसून हाताने फिरवा: सगळीकडे सारखा, किंचित जड फिरला पाहिजे, ओढून-ढकलून काहीही प्ले जाणवता कामा नये. कुठे जड, कुठे हलका लागला तर वाटी तिरकी बसलीय.

डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंच्या शिम बेअरिंगच्या मागे असतात. आधी कमी शिम घालून प्ले शून्य होईल एवढी जाडी फीलरने काढा, त्यात एकूण ८ थाऊ वाढवा. हा ताण असल्यामुळे डिफरन्शियल सहज आत जात नाही. स्प्रेडर (हाउसिंगचं तोंड ताणणारं हत्यार) वापरलात तर हाउसिंग २० थाऊपेक्षा जास्त ताणू नका, ते परत मूळ मापाला येत नाही. स्प्रेडर नसेल तर वाट्या सरळ धरून लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकत बसवतात. हे काम दोन माणसांचं.

बॅकलॅश, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळी फट, ५ ते ७ थाऊ. डायल गेजची टाच क्राऊनच्या दाताला काटकोनात लावा आणि चार ठिकाणी मोजा. चार ठिकाणी वेगवेगळा येत असेल तर क्राऊन त्याच्या बैठकीवर सपाट नाही. खाली एखादा छर्रा किंवा बर अडकलाय. बॅकलॅश बदलायला एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घाला, एकूण जाडी तीच राहू द्या.

आता दातांचा ठसा बघायचा रंग. त्यासाठीचं निळं नसेल तर तेलात कालवलेला शेंदूर चालतो, आपल्याकडचे जुने फिटर तोच वापरत. जेवणाआधी हात मात्र साबणाने धुवा, खऱ्या शेंदरात शिसं असतं. क्राऊनच्या सात-आठ दातांना पातळ थर लावा, क्राऊनला लाकडाने थोडा अडथळा करा आणि पिनियन दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर, लांबट, कडांपासून सुटलेला उमटायला हवा. तो दाताच्या मुळाशी खोल उमटला तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे: पिनियनची शिम कमी करा. शेंड्यावर उमटला तर लांब आहे: वाढवा. पिनियन हलवला की बॅकलॅश बिघडतो, तो परत बसवा. 'आवाज येईल तेव्हा बघू' म्हणून रंग न लावता बंद केलेलं हाउसिंग हमखास ओरडतं.

पुढचं हाउसिंग

हब काढायला शाफ्टच्या टोकाचं नट किंवा सर्क्लिप आणि फ्लँजचे सहा बोल्ट काढा. फ्लँजमध्ये दोन आट्यांची भोकं आहेत. त्यात बोल्ट आळीपाळीने कसले की ती आपोआप बाहेर येते. तिच्या मागच्या पातळ शिम जपा, शाफ्टची आडवी चाल त्यांच्यावर ठरते.

आतला जॉइंट चार प्रकारांपैकी कुठलाही निघू शकतो: रझेपा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा किंवा साधा स्पायसर क्रॉस. एकाच गाडीत डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा हेही दिसतं. तशी गाडी चालते, पण वळणावर स्टिअरिंग एकाच बाजूला झटके देतं. रझेपात सहा गोळे पिंजऱ्यात असतात, पिंजरा तिरपा करून एकेक काढता येतो. बेंडिक्समध्ये पिंजरा नाही: चार ओढणारे गोळे आणि मधला एक. हा जॉइंट शाफ्ट उभा धरून उचलू नका, गोळे पायावर पडतात. ते मापाने निवडलेले असतात, म्हणून कुठला गोळा कुठल्या खोबणीतला ते अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. खोबणीत खड्डे दिसले तर जॉइंटच बदला.

नकलचं (चाक वळवणाऱ्या पुढच्या सांध्याचं) ग्रीस पातळ होऊन ब्रेकवर येत असेल तर बाहेरची फेल्टची सील बदलून उपयोग नाही. दोषी आतली सील, जी डिफरन्शियलजवळ बसते. गिअर ऑइल तिच्यातून नळीने नकलमध्ये येतं आणि ग्रीस पातळ करतं. तिच्यासाठी डिफरन्शियल काढावाच लागतो, म्हणून पुढचं हाउसिंग उघडलं की ती बदलून टाका, चांगली दिसली तरी. नकलच्या गोल बॉलवर गंजाचे खड्डे असतील तर फेल्ट आठवडाभरात कुरतडून जातं. पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, फेल्ट तेलात भिजवून बसवा.

किंगपिनच्या (नकल जिच्यावर वळते त्या पिनेच्या) टोप्यांखालच्या शिम वर-खाली वेगळ्या दोऱ्यांत बांधून ठेवा. फेल्ट सील न लावता स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा: नकल दोन्हीकडे सारख्या जोराने, न अडखळता वळली पाहिजे. ढिली असेल तर ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथड हलतात. इथे टाय रॉड बदलून पैसे घालवणारे पुष्कळ. शिम एकेक करून कमी करा, एकदम दोन नको.

हबचं बेअरिंग: चाक फिरवत आतलं नट चाक अडेपर्यंत कसा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे. लॉक वॉशर, बाहेरचं नट, आणि वॉशरची कडा दोन्ही नटांवर वाकवा. जुना वॉशर दुसऱ्यांदा वाकवू नका, तुटतो.

तेल आणि पहिला फेरा

गिअरबॉक्सला साधारण ०.७ लिटर, ट्रान्स्फर केसला १.४ लिटर, प्रत्येक हाउसिंगला १.२ लिटर. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसला एसएई ९० जीएल-४. त्यात पितळ-ब्राँझ आहे, आणि जीएल-५ च्या तेलातलं गंधक ते खातं. हाउसिंगमध्ये हायपॉइड दात आहेत, तिथे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ चालतं. मेनशाफ्टच्या बेअरिंगमधून तेल गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यात ये-जा करतं. महिन्याने दोन्ही प्लग वेगवेगळे उघडून पातळी बघा. ट्रान्स्फर केसचं कमी आणि गिअरबॉक्सचं वर आलेलं दिसलं, तर ते जास्तीचं तेल पुढे क्लचवर जातं. हाउसिंगचा ब्रीदर मातीने बुजला असेल तर गरम हवा सीलमधूनच वाट काढते. नवी सील गळायला लागली की आधी ब्रीदर तारेने मोकळा करा.

पहिले ५० किलोमीटर टू-व्हीलवर, वेग कमी. थांबलात की प्रत्येक हब, दोन्ही हाउसिंगचे पिनियनचे भाग आणि ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोपीला हात लावा. हात टिकत नसेल तर तिथला प्ले कमी आहे. आवाज ओढताना येतो की सोडल्यावर, हेही ऐका: ओढताना येणारा बहुतेक क्राऊन-पिनियनचा, दोन्ही वेळा सारखा येणारा बेअरिंगचा, आणि वळताना बदलणारा हबचा. फोर-बाय-फोर मातीच्या रस्त्यावरच लावून बघा, आणि चारही टायर एकाच झिजेचे ठेवा. ५०० किलोमीटरला सगळं तेल गरम असताना बदला, यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट परत कसा, आणि काढलेलं तेल पुन्हा त्याच पांढऱ्या डब्यात बघा.